सुरुबनची भिंत

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. नागपूर

बुधवारच्या गाडीने निघायचं. बॅग आजच भरली. चार सुती साड्या, औषधं, दोन पेनं, धम्माची वही.

दीप्तीने बॅगेत डोकावून विचारलं, "दोन पेनं काहून वं मावशी? समुद्रावर पेपर तपासणार आहे का?" ही माझ्या बहिणीची मुलगी. हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, रजा काढून सोबत येते आहे. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते, आणि माझी सख्खी भाची अशी बोलते. तिला सुधारायचं मी सोडून दिलं आहे.

काम असं. माझा धाकटा भाऊ धम्मानंद चित्रकार होता. १९८४ पासून १९९४ पर्यंत तो कोकणात 'सुरुबन' नावाच्या समुद्रकाठच्या हॉटेलात राहिला आणि तिथेच गेला. हॉटेल जुनं आहे. मुंबई-पुण्याचे चित्रकार हिवाळ्यात तिथे मुक्कामाला येत आणि जाताना एकेक चित्र ठेवून जात, असा तिथला रिवाज होता. अशा लोकांत आमच्या वस्तीतला, गिरणी कामगाराचा मुलगा दहा वर्षं बसला-उठला. येत्या २ मार्चला वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात त्याच्यावरच्या पुस्तिकेचं प्रकाशन आहे. मजकूर माझा. 'समुद्रकाठची दहा वर्षं' हे प्रकरण त्यात सगळ्यात मोठं. फक्त चित्र नाही. घरात त्याचं एकही चित्र नाही. हॉटेलकडून निदान दोन-तीन मागून आणायची आणि सभागृहात लावायची.

वहीत सतरा चित्रांची नोंद आहे. धम्माचं पत्र आलं की चित्राचं नाव आणि तारीख मी वहीत उतरवून घेत असे आणि पत्र लाल शाईने तपासून त्याला परत पाठवत असे. तो फार गबाळं लिहायचा. मुद्दा सोडून भलतीकडे जायचा. त्यामुळे वही माझ्याकडे राहिली आणि पत्रं त्याच्याकडे. सगळ्या नोंदी जून ते सप्टेंबरमधल्या आहेत. बाकीचे चित्रकार पावसाळ्यात घरी बसत, हा काम करत होता. एवढं मात्र त्याने माझं ऐकलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सुरुबन

पोचलो. रत्नागिरीहून टॅक्सीने दीड तास, सगळी वळणं. दीप्तीला दोनदा उतरावं लागलं.

लाल चिऱ्याची लांबट कौलारू इमारत. पुढे सुरूची झाडं, मग वाळू, मग पाणी. खोल्यांना आकडे नाहीत, चित्रकारांची नावं आहेत. आम्हाला 'श्रीधर फणसळकर' मिळाली. दारावर त्यांचा पाइप ओढतानाचा फोटो आहे. मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी दारं वाचत गेले. चौदा खोल्या. धम्मानंद कुठेच नाही.

"बाथरूमवर पाहून येऊ का?" दीप्ती म्हणाली. मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या दारापासून वाचत आले.

मालक सुमंत, पंचेचाळिशीचा, तिसऱ्या पिढीतला. गोड बोलतो. माझं पत्र मिळालं म्हणाला, पण जुनी नोंदवही पाहायला वेळ झाला नाही. "कलावंत इतके येऊन गेले मॅडम, सगळ्यांची नावं कशी लक्षात राहणार?" तीन महिन्यांपूर्वी पाठवलं होतं मी पत्र.

समुद्र पाहिला. आवाज फार करतो. टॉवेल वाळत नाही, मीठ बरणीत ओलं होतं, सोबत आणलेली बिस्किटं तासाभरात मऊ पडली. ही हवा त्याने दहा वर्षं काढली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

जेवणाच्या खोलीच्या एका भिंतीवर एकवीस चित्रं आहेत. नाश्त्याच्या वेळी वही घेऊन भिंतीसमोर उभी राहिले. पहिलंच चित्र, निळ्या पाण्यात तीन होड्या. वहीत आहे: ११ जुलै १९८६, तीन होड्यांचं चित्र पूर्ण. चित्राखाली पितळी पट्टी: श्रीधर फणसळकर, १९५८. पुढचं, पांढरी खुर्ची आणि खिडकी. वहीत आहे, ऑगस्ट १९८७. पट्टीवर दुसरंच नाव. टोपलीवाली कोळीण. सुरूच्या बनातली संध्याकाळ. सतरापैकी चौदा चित्रं त्या भिंतीवर आहेत आणि एकाखालीही माझ्या भावाचं नाव नाही.

सुमंतला तिथेच बोलावलं.

तो म्हणाला, "मॅडम, होड्यांचं चित्र १९५८ सालचं आहे. तुमचे बंधू तेव्हा..."

"जन्मले नव्हते. पट्टी कधी ठोकली ते सांगा."

"तुमचे बंधू इथे पाहुणे म्हणून राहिल्याची नोंदच नाही. मी काल रात्री रजिस्टर पाहिलं."

"नसेलच. कोणाचं नाव लिहायचं आणि कोणाचं नाही, हे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे."

शेजारच्या टेबलावरची माणसं हातातला घास तसाच ठेवून बघत होती. बघू देत. सुमंतचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला की पुढच्या महिन्यात मुंबईहून तज्ज्ञ येणार आहेत, या चित्रांचं मोठं प्रदर्शन व्हायचं आहे, अशा वेळी असले आरोप करू नका. म्हणजे याला काळजी कशाची, ते कळलं.

खोलीत येऊन वर्तमानपत्रासाठी निवेदन लिहिलं. अडीच पानं. १९५६ साली आमच्या बाबांनी दीक्षा घेतली, त्यानंतर चार वर्षांनी मुलगा झाला, त्याचं नाव हौसेने धम्मानंद ठेवलं, इथपासून सुरुवात केली. दीप्तीने सगळ्या चित्रांचे फोटो काढले. "टाकू का मोबाइलवर? एका घंट्यात पूर्ण नागपूरले समजते." मी म्हटलं, आधी निवेदन स्वच्छ लिहून होऊ दे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी मागच्या दाराने एक म्हातारी आली. हॉटेलची जुनी स्वयंपाकीण, देवकी. आता काम करत नाही, आवारामागेच राहते. कालचा गोंधळ तिने ऐकला होता. व्हरांड्यात माझ्यासमोर बसली आणि माझा चेहरा निरखून पाहिला.

"तू त्याची ताय," ती म्हणाली. "नाक तसाच."

मी विचारलं, तो कुठल्या खोलीत राहायचा.

"खोली? नाय बाय. माज्या चुलीच्या मागं भांडी ठेवायची जागा व्हती, थयच त्याचा बिछाना. पयल्या साली त्याच्या चित्रांच्या मास्तरासंगं, मास्तराच्या खोलीत पाव्हना म्हनून इला. मास्तर गेला, हा ऱ्हायला. मालकांनी पाट्यांचा काम दिला. खारा वारा रंग खातो, दर साली सगल्या पाट्या नव्यानं लिवायच्या. खोल्यांच्या, रस्त्यावरच्या, समुद्रावरच्या. दहा वर्सं त्यानं लिवल्या."

मी म्हटलं, तो चित्रकार होता.

"व्हता ना. पावसात गिऱ्हाईक नसायचा. भिंतीवरच्या चित्रांवर बुरशी धरायची, रंगाचे पोपडे पडायचे. तो एकेक उतरवायचा, पुसायचा, गेला तेवढा रंग परत भरायचा. होड्यांवरचा आभाळ त्यानं चार येला केला. मालकांनी म्हटलानी, पाव्हन्यांना सांगू नको. त्यानं कोनाक नाय सांगितला." मग म्हणाली, "तुला सांगितला म्हनायचा. तायला सगला लिवतो, म्हनायचा."

दीप्ती पटकन बोलून गेली, "म्हणजे वरचा रंग पूर्ण मामाचाच आहे." मी तिला गप्प बसवलं.

ही बाई अडाणी आहे. तीस वर्षांनी माणूस काहीही सांगतो. मला त्याने असलं काही कधी लिहिलं नव्हतं.

जाताना देवकीने पत्र्याची पेटी दिली. त्याची पत्रं आहेत म्हणाली. वाचता येत नाही म्हणून तशीच जपून ठेवली. त्याला अग्नी तिच्या नवऱ्याने दिला, हेही तिनेच सांगितलं. तार मला दुसऱ्या दिवशी मिळाली होती. इथे पोचायला आणखी दोन दिवस लागले असते, शाळेची वार्षिक तपासणी होती, आणि पोचून करणार काय होते? हे मी तिला सांगितलं. ती नुसतं "व्हय" म्हणाली.

शनिवार, दुपारी

पेटी उघडली. चाळीस-एक पत्रं असतील. ओलीने कडा पिवळ्या पडल्या आहेत. लाल शाई मात्र अजून ठळक आहे. चांगली शाई वापरायचे मी.

होड्यांचं पत्र सापडलं, जुलै १९८६ चं. तो लिहितो: "आज तीन होड्यांचं चित्र पुरं झालं. फणसळकरांचं आहे हे. आभाळ पूर्ण गेलं होतं, बुरशीनं. त्यांनी निळा कसा लावला असंल ते कोपऱ्यातल्या उरलेल्या रंगावरून पाहून पाहून लावला. ताई, कोणाले ओळखू येणार नाही. पण मले माहीत आहे."

'तीन होड्यांचं चित्र पुरं झालं' याखाली माझी बारीक रेघ आहे. तेवढं वहीत उतरवलं होतं. पुढच्या चार ओळींना कंस आणि समासात माझं अक्षर: विषयांतर. खाली गुण, दहापैकी पाच.

दुसरं पत्र. "पाट्या लिहायचं काम लागलं, जेवण-राहणं सुटलं." समासात: दुय्यम गोष्टी लिहू नयेत. नवीन काय काढलंस?

तिसरं. चौथं. सगळीकडे तेच. त्याने लिहायचं तरी नीट. एवढी महत्त्वाची गोष्ट पत्राच्या मध्यावर, दोन स्वल्पविरामांत कोणी घालतं का?

दीप्ती पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसून वाचत होती. एकदाच बोलली. "मावशी, हा तुले सांगूनच राहिला होता." मग बाहेर गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत आली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

संध्याकाळी निघायचं. सकाळी सुमंतला भेटले आणि पेटीतली तीन पत्रं त्याच्यासमोर ठेवली. त्याने वाचली, आणि चेहरा एकदम बदलला.

"पाटीवाला धम्मा? तो तुमचा भाऊ? मला तेव्हा त्याचं पूर्ण नाव कोणी सांगितलंच नव्हतं. मी लहान होतो. पतंगावर माझं नाव काढून द्यायचा, उडताना खालून वाचता यावं एवढं मोठं."

त्यानंतर धंद्यातला माणूस परत आला. म्हणाला, आपण भिंतीच्या कोपऱ्यात एक पितळी पट्टी लावू, 'चित्रांचे जतन: धम्मानंद, नागपूर'. मात्र किती भागावर रंग भरला, कोणतं आभाळ कोणाचं, हे पुस्तिकेत येऊ नये. तज्ज्ञांना कळलं तर फणसळकर कोण आणि पाटीवाला कोण हेच ठरायचं नाही.

"मग ठरू देऊ नका," मी म्हटलं.

"मॅडम, तुमच्याच भावाचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, दुसऱ्याच्या चित्रावर रंग फासला."

"फासायला सांगितलं तुमच्या वडिलांनी. आणि फासला नाही. ओळखू आला का तुम्हाला? चाळीस वर्षं त्या भिंतीखाली जेवता आहात."

त्याने पत्रं माझ्याकडे परत सरकवली. मला फार बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

देवकीला विचारलं, त्याच्या हातचं काही उरलं आहे का. नव्या पाट्या आता प्लॅस्टिकवर छापून येतात. जुन्या चुलीत गेल्या, ती म्हणाली, एक तेवढी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली आहे. ते दार तिने काढून दिलं आणि खुराड्याला गोणपाट बांधलं. साबणाने धुतलं, तेव्हा अक्षरं वर आली. 'भरतीची वेळ पाहूनच पाण्यात उतरावे.' दर वर्षी त्याच अक्षरावर नवा रंग चढवल्यामुळे ती फळीवरून उंच झाली आहेत, बोट फिरवलं तर डोळे मिटूनही वाचता येतात.

अक्षर उत्तम आहे. शिरोरेघ सरळ, 'भ'ची गाठ सुटी. लहानपणी मी त्याच्याकडून पाटीवर गिरवून घ्यायचे तसंच. काढायचं ठरवलं तर येत होतं म्हणजे.

"किती मार्क?" दीप्तीने विचारलं.

फळी जुन्या चादरीत गुंडाळायला सांगितली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. नागपूर

घरी आल्यापासून प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे. जुनं फाडलं. 'सुरुबनच्या चित्रकारांत मानाचं स्थान', 'समुद्राने घडवलेली प्रतिभा', हे सगळं मीच लिहिलं होतं, आणि एका वाक्याचाही पुरावा नव्हता. शाळेतल्या मुलींनी असं लिहिलं असतं तर वही फेकली असती.

विहार समितीचे लोक आले होते. भावना, आमच्या गल्लीतली, समितीची सचिव. सगळं ऐकून म्हणाली, "बाई, पोरं येतील कार्यक्रमाले. त्यांच्यासमोर पाट्या रंगवणारा मामा काहून आणता? चित्रकार होता तेच राहू द्या नं. कोण तपासायले जाते?"

"मी," म्हटलं.

"तुम्हीच तर त्याले तिकडं बसवलं होतं. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं तेव्हा. प्रदर्शन झाल्याशिवाय नागपूरचं तोंड पाहू नको म्हणून."

भावना तोंडाळ आहे, लहानपणापासून. चहा न घेता गेली.

प्रदर्शनाशिवाय येऊ नको असं मी म्हटलं होतं, खरं आहे. काहीतरी ध्येय ठेवायला नको का? आई तर त्याला गिरणीत काम लागावं म्हणून डबा घेऊन फाटकावर बसवणार होती. शिकवलं मी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सुमंतचं पत्र आलं, वकिलाच्या भाषेत. पुस्तिकेत सुरुबनच्या चित्रांबद्दल काही छापल्यास इत्यादी. दोन ओळींत उत्तर दिलं: पत्रं मूळ स्वरूपात माझ्याकडे आहेत. तारखा वाचता येतात.

प्रकरण संपलं. सव्वातीन पानं झाली, आधी अकरा होती. तो काय करत होता, कुठे झोपत होता, कोणत्या चित्रावर किती काम केलं, सगळं त्याच्याच वाक्यांतून घेतलं. माझं वाक्य फार घालावं लागलं नाही. सलग वाचलं तर तो बरं लिहायचा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रेसमध्ये एक पान मोकळं राहतंय. दीप्ती म्हणाली, मामाच्या हातचं एक पत्र जसंच्या तसं छापू. कल्पना चांगली आहे. लाल शाई नसलेलं पत्र शोधायला पेटी पुन्हा काढली.

सगळी उलटली. एकही कोरं नाही. शेवटी तळाशी ऑगस्ट १९९४ चं सापडलं. शेवटचं. त्याच्या मृत्यूच्या सात आठवडे आधीचं. मला हे पत्र आठवत नव्हतं.

"ताई, यंदा ओल छातीत बसली आहे. खोकला जात नाही. देवकीमावशी काढा देते. चित्रं आठ झाली, बाकीची पुढच्या साली. मी घरी येऊ का? पाट्या काय, नागपूरलेही रंगवता येतील. इतवारीत दुकानं काही कमी नाहीत. तू म्हणशील तसं."

'पाट्या' शब्दाला गोल आहे. समासात माझं अक्षर: चित्रं म्हणायचं आहे का? स्पष्ट लिही. 'येऊ का' याखाली दोन रेघा. आधी प्रदर्शन, मग ये. खाली: खोकल्यासाठी डॉक्टरांना दाखव. गुण सहा. मागच्या पत्रापेक्षा एक जास्त दिला होता.

उत्तर लिहावं म्हणून पेन उघडलं. कोणाला, ते माहीत नाही. वरचा, खालचा, डावा, उजवा, चारही समास भरलेले होते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दीप्तीच्या गाडीवर बसून प्रेसमध्ये गेले. प्रेसवाला प्रीतम, तरुण आहे, नीट बोलतो. शेवटचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उजेडात धरलं.

"मॅडम, हे लाल काढून टाकतो कॉम्प्युटरवर. दोन मिनटात होते. मग पत्र साफ दिसंल."

"काढू नको."

"मग असं करू, पुस्तक काळं-पांढरंच आहे, त्यात लाल पण काळंच येते. दोघांचं अक्षर सारखंच वळणाचं आहे, कोणी काही म्हणणार नाही. पाहणाऱ्याले वाटंल एकाच माणसानं लिहिलं."

दीप्ती माझ्याकडे बघत होती.  

"एवढं एक पान रंगीत छाप," मी म्हटलं. "आणि खाली ओळ टाक. काळी शाई धम्मानंदची. लाल त्याच्या बहिणीची."

प्रीतमने ती ओळ कागदावर लिहून घेतली आणि माझ्यापुढे सरकवली. "पाहून घ्या, काही चुकलं असंल तर."

पाहिलं. काही चुकलं नव्हतं. कागद तसाच परत दिला.